अलिबागची पुस्तिका आणि तिथीची पाऊणपट

गिरगावातील आमच्या वाडीचे महिला मंडळ दरवर्षी थंडी सरता सरता एका दिवसाची सहल काढते. गेल्या वर्षी अलिबाग ठरले आणि सहलीची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे आणि वाडीतल्या बायका अजूनही मला ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात. आठ पानांत कसे जावे, काय पाहावे, काय खावे आणि स्वच्छतागृह कुठे आहे एवढे आले की पुरे, असे मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले. काम दोन दुपारचे आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते जवळजवळ महिनाभर चालले.

मुंबईकराला अलिबाग ठाऊक नसते असे नाही. ते फार ठाऊक असते, आणि अडचण तिथेच सुरू होते. ‘अलिबागवरून आलायस का?’ हा टोमणा आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्याच्यावर बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २०१९ साली ती फेटाळलीही गेली. तरीही गेटवेपासून तासाभराच्या पाण्यावर असलेल्या या गावाचा कुलाबा किल्ला आणि आपला कुलाबा या दोन जागा वेगळ्या आहेत, हे वाडीतल्या चार जणींना मला समजावून सांगावे लागले. १ जानेवारी १९८१ रोजी रायगड हे नाव मिळेपर्यंत तो सगळा जिल्हाही कुलाबा याच नावाने ओळखला जात होता, त्यामुळे हा घोटाळा अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

पहिला मसुदा मी घरी बसूनच केला. जुनी कात्रणे होती, दोन वेळा जाऊन आल्याची आठवण होती, आणि मग सकाळी अमुक, दुपारी तमुक अशी प्रेक्षणीय स्थळांची माळ ओवायला काय लागते? कुलाबा किल्ला मी दुपारी बारा ते एक या वेळात बसवला, कारण जेवण दीड वाजता होते. मसुदा वाचून सगळ्यांनी छान म्हटले. केवळ घोडागाडीचे आणि खाणावळीचे विचारून यावे, म्हणून पौषातल्या एका मंगळवारी मी एकटीच गेटवेवरून मांडव्याच्या बोटीत बसले.

साडेअकरा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर उभी राहिले, तेव्हा समोर किल्ला होता आणि मध्ये समुद्र होता. ओलसर वाळू नाही, डबकी नाहीत, वाट नाही; किनाऱ्याच्या भिंतीखाली लाटा आपटत होत्या आणि किल्ला थेट बेटासारखा पाण्यात बसला होता. घोडे सावलीत उभे होते, गाड्यांचे दांडे जमिनीला टेकलेले होते. एका वयस्कर गाडीवानाला मी विचारले की गाडी कधी सुटेल. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही, आकाशाकडेही पाहिले नाही.

“मावशी, आज बीज. दीडला पाणी पूर्ण भरेल. आता चालत जायचे तर संध्याकाळी साडेसातला, पण तेव्हा किल्ला बंद.”

“हे तुम्हांला कसे कळते?”

“तिथीची पाऊणपट करायची.”

भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे वाक्य मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या तीन खडूंच्या आकृत्या मला डोळे मिटून काढता येतात. आणि तरीही ज्या किल्ल्यावर फक्त ओहोटीला चालत जाता येते, त्याची वेळ मी जेवणाच्या सोयीने ठरवली होती. शहाळे घेऊन मी त्या गाडीवानाशेजारच्या कट्ट्यावर बसले आणि वहीत त्याचे गणित उतरवून घेतले.

ते गणित असे आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची, शुक्ल असो वा कृष्ण, आणि तिची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीन या सुमारास भरती. त्याच्या आधी किंवा नंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेनऊ आणि रात्री सव्वानऊ. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला भर दुपारी बारा-सव्वाबाराला ओहोटी. घरी आल्यावर मी हे आकडे बंदराच्या छापील भरती-कोष्टकाशी ताडून पाहिले. काही दिवशी अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ तो अधिक जाणवतो. पण कोष्टक हाताशी नसलेल्या माणसाला समुद्रावर जायचे की नाही हे ठरवायला एवढे गणित पुरते. भिंतीवर ‘कालनिर्णय’ लटकत असेल तर दुसरे काही लागत नाही.

गणिताचा दुसरा भाग मला आधी कळला नव्हता आणि तोच सहलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निघाला. अष्टमीची दुपारची ओहोटी ऐकायला आदर्श वाटते, कारण मुंबईहून निवांत निघून बाराला किल्ल्यात पोहोचता येते; परंतु अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही, आणि किल्ल्यापर्यंतची वाट पूर्ण उघडी पडतच नाही. याउलट पौर्णिमा-अमावास्या आणि त्यांच्या पुढचे एकदोन दिवस उधाण असते. तेव्हा समुद्र लांबपर्यंत मागे जातो आणि वाट कोरडी ठणठणीत पडते, पण ती पहाटे आणि दिवेलागणीला, जेव्हा सहलीच्या माणसाला तिचा उपयोग नाही. म्हणजे सोयीची वेळ आणि उघडी वाट या दोन गोष्टी एकमेकींना टाळत राहतात. दोन्ही बऱ्यापैकी जुळतात असे महिन्यातले मोजके दिवस आहेत: सकाळी जायचे असेल तर चतुर्थी ते षष्ठी, आणि दुपारनंतर जायचे असेल तर द्वादशी-त्रयोदशी. ही ओळ मी नंतर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक टंकात घेतली.

तीन दिवसांनी पंचमी होती. पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. मी पहिल्या बोटीने गेले आणि पावणेनऊला चपला घट्ट करून वाळूत उतरले.

ही वाट म्हणजे मऊ पुळण नव्हे. आधी घट्ट, काळपट वाळू लागते, तिच्यावर लाटांच्या नक्षीच्या कडा पायाला टोचतात. किल्ला जवळ आला की खडक सुरू होतो, त्याच्यावर हिरवे शेवाळ आणि कालवांची शिंपले चिकटलेली असतात. ही शिंपले ब्लेडसारखी कापतात. काही मंडळी हौसेने अनवाणी निघतात, त्यांनी परतताना आपले तळवे पाहावेत. मागे पट्टा असलेली सँडल हवी; स्पंजची चप्पल ओल्या वाळूत रुतते आणि हातात घेऊन चालावी लागते. वीस-पंचवीस मिनिटांत मी महादरवाजापाशी होते.

शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात, १६८० साली, हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर चालून येऊनही त्यांना तो घेता आला नाही. तटाशी उभे राहून पाहिल्यास मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले दिसतात, त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. लाटेचे पाणी फटींत शिरते, तिचा जोर तिथेच विरतो आणि भिंतीला धक्का कमी बसतो, असे त्याचे कारण सांगतात. उत्तरेला सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. आत रघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे पंचायतन आहे, त्याच्यासमोर पुष्करणी आहे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना एका विहिरीला गोडे पाणी आहे. मी पोहऱ्यातले पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहिले. खारट नव्हते.

तटावर चाके असलेल्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यापाशी फोटो काढायला नेहमी गर्दी असते. त्या दिवशी एक वडील आपल्या मुलाला त्या महाराजांच्या तोफा म्हणून दाखवत होते. मी वाकून अक्षरे वाचली: यॉर्कशायरमधील लो मूर येथील कारखान्याचे नाव आणि १८४९ हे वर्ष. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले, म्हणजे या तोफा ओतल्या गेल्या तेव्हा किल्ल्यावर आंग्र्यांचा अंमल उरला नव्हता. त्या वडिलांना मी काही बोलले नाही. पुस्तिकेत मात्र दोन ओळी घातल्या. याच जातीची दुसरी गफलत हल्ली ऐकू येते. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत अलिबागजवळचा म्हणून जो आहे तो खांदेरी, कुलाबा नव्हे. खांदेरी थळच्या समोर समुद्रात आहे आणि तिथे पायी जाण्याचा प्रश्नच येत नाही.

अक्षरे वाचण्यात, टिपणे काढण्यात आणि मंदिरात बसण्यात माझे भान गेले. साडेनऊला ओहोटी म्हणजे साडेनऊनंतर पाणी परत यायला लागते, हे मला माहीत होते. पण ते कसे येते हे माहीत नव्हते. ते समोरून लाट होऊन येत नाही. ते दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांतून गुपचूप शिरते आणि माणूस किल्ल्याकडे पाठ करून निघतो तेव्हा त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये आधीच पसरलेले असते. बारा वाजायला आले तेव्हा दरवाजावरच्या माणसाने हाक मारून मला बाहेर काढले. अर्ध्या वाटेवर पाणी घोट्यापर्यंत होते, पुढच्या शंभर पावलांत गुडघ्याला लागले, साडी कमरेला खोचून आणि वहीची पिशवी डोक्यावर धरून मी उभी राहिले. घाबरले असे लिहायला संकोच वाटतो, पण घाबरले होते. मागून येणाऱ्या शेवटच्या घोडागाडीने मला उचलले. मंगळवारचाच गाडीवान होता. तो काही बोलला नाही, फक्त हसला, आणि भाडे नेहमीचेच घेतले.

घरी येऊन मी पहिला मसुदा फाडला. ‘प्रेक्षणीय स्थळे’ हे शीर्षकच काढून टाकले आणि पुस्तिका पाण्याच्या वेळेवरून रचली: आधी तिथी पाहा, तिच्यावरून किल्ल्याचे तीन तास ठरवा, म्हणजे ओहोटीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा दीड तास, त्यापुढे एक मिनिट नाही, मग उरलेल्या दिवसात बाकीचे गाव बसवा. अलिबागचे बाकीचे गाव कुठे पळून जात नाही, ते कोणत्याही तासाला पाहता येते.

त्या बाकीच्या गावात मला स्वतःला सर्वांत आवडते ती भूचुंबकीय वेधशाळा, आणि तिच्याविषयी मी गरजेपेक्षा अधिक लिहिले, असा मंडळाचा आरोप आहे. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे दिसू लागले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ साली ती अलिबागला हलवली. ट्राम प्रत्यक्षात १९०७ साली धावली. इमारतीला चुंबकत्वाचा संसर्ग नको म्हणून पोरबंदरी दगड वापरला आहे. ट्राम येऊन गेली, तिचे रूळही गेले, आणि कुलाब्यापासून धरली तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची नोंदींची मालिका अलिबागेत अजून चालू आहे. आत सहज जाता येत नाही, रस्त्यावरूनच पाहावी लागते. पाच मिनिटांचे काम आहे, पण ते मी वगळू दिले नाही.

शहरातच कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. ४ जुलै १७२९ रोजी ते वारले. त्यांनी बांधलेला हिराकोट आता तुरुंग आहे, तेव्हा तो बाहेरूनच. इस्राईल आळीत मागेन अबोथ हे बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थळ आहे. या समाजाचे पूर्वज जवळच्या नवगाव किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. पुढे कित्येक पिढ्या त्यांनी तेलाच्या घाण्याचा धंदा केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. रेवदंड्याच्या रस्त्यावर आक्षी लागते. तिथला शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांपैकी आहे. त्याचा काळ सामान्यतः शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जातो आणि त्यात केसीदेव राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटले आहे. मराठी शाळेत शिकलेल्या बायकांना हा दगड दाखवायचा नाही तर काय दाखवायचे? किहीम, वरसोली, नागाव या किनाऱ्यांना मी मिळून चार ओळी दिल्या. मुंबईच्या माणसाला वाळूचे वर्णन नको असते. किहीमचा उल्लेख केवळ एवढ्यासाठी लांबवला की सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास तिथे केला.

जाण्याच्या वाटा मी तीन लिहिल्या. गेटवेवरून मांडव्याची बोट तासाभरात पोहोचते आणि तिच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, मात्र पावसाळ्यात ही सेवा बंद राहते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो आहे, तिच्यात गाडी घालून नेता येते. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असे सुमारे शंभर किलोमीटर. या रस्त्यावरून जाताना चरीची आठवण ठेवावी, जिथल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन पडीक ठेवून संप केला. बसमधून पाहण्यासारखे तिथे काही नाही, तरी ते लिहिले. भाडी लिहिली नाहीत, कारण छापून होईपर्यंत ती बदलतात.

खाण्याचे पान सर्वांत आधी वाचले जाईल हे ठाऊक असल्याने मी ते शेवटी ठेवले. पांढरा कांदा फेब्रुवारीपासून रस्त्याकडेला माळा विणून टांगलेला दिसतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तो कच्चाच, जेवणाबरोबर खावा. पोपटी हॉटेलात मागू नये, ओळखीच्या अंगणात खावी. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी थरांनी रचायची, पाल्यानेच तोंड बंद करून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती काटक्या-गवताचा जाळ करायचा. पाणी थेंबभर नाही. मडके फोडल्यावर येणारा भांबुर्डीचा उग्र वास ज्यांना सोसत नाही त्यांना शेंगा वेगळ्या शिजवून द्याव्यात.

गल्लीतल्या टंकलेखकाने कोष्टकाचे दोन मथळे उलटेपालटे लावून ‘भरती’खाली ओहोटीच्या आणि ‘ओहोटी’खाली भरतीच्या वेळा दिल्या होत्या. कच्च्या प्रतीत ते माझ्या डोळ्यांना सापडले. न सापडते तर त्या पुस्तिकेने तीसजणींना पाण्यात पाठवले असते. तेवढे एक पान मी तीन वेळा तपासले.

सहल माघ शुद्ध त्रयोदशीला, रविवारी निघाली. पाऊणपट पावणेदहा, ओहोटी चारला. बसने दहाच्या आत पोहोचलो, गाव पाहिले, आक्षीचा दगड पाहिला, जेवलो, आणि अडीच वाजता किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी भराभर मागे हटत होते. गुडघेदुखीच्या सातजणी घोडागाडीत बसल्या, बाकीच्या चालल्या. किल्ल्यात आमच्या मजल्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशी गोड्या विहिरीपाशी थांबल्या आणि बाटली भरून घेऊन म्हणाल्या, “बाई, हे घरी नेऊन सुनेला पाजते, आणि मगच सांगते कुठले ते.” पाच वाजता सगळ्या किनाऱ्यावर होत्या, मी दोनदा मोजल्या. वडखळपाशी रविवारची कोंडी लागली आणि गिरगावात शिरायला रात्रीचे दहा झाले, तो भाग पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत घालायचा आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या वहिनी पुस्तिकेची प्रत मागायला आल्या. नातवंडांना रविवारी कुलाबा किल्ला दाखवायचा होता, दुपारी बाराच्या सुमारास. कालनिर्णय उघडून पाहिले तर त्या रविवारी अष्टमी. बाराला ओहोटी आहे, पण भांगाची आहे, असे मी त्यांना सांगितले. मुलांना चालवू नका, घोडागाडीचे पैसे वेगळे काढून ठेवा.